टेंगूळ सरकलं नाही

सुध्या, तुझ्या शोकसभेतून मी मधूनच उठून आलो. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुझ्या कानावर घालण्याआधी मीच सांगून टाकतो. लोकांना वाटलं, डॉक्टरला दुःख आवरलं नाही. दुःख होतंच, पण ते आत कुठे तरी गप्प बसलं होतं. आवरला नाही तो राग.

शेगावच्या तुझ्या कॉलेजातला तो वरचा हॉल. पंखे नुसता आवाज करत होते. टेबलावर तुझा फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. तुला फेटा कधी शोभला नाही आणि नेमका तोच फोटो त्यांना सापडला. प्राचार्य उठले आणि म्हणाले की आपले सुधाकरराव पाण्यावर गाडी चालवण्याच्या अगदी उंबरठ्यावर होते, नियतीने घात केला. त्यांच्यामागून एक पुढारी उठले, त्यांनी गाडीचं विमान केलं. सोनाळ्याच्या शेणातून इंधन काढून विदर्भाचं भाग्य पालटणारा माणूस, असं काहीसं बोलले. मी शेवटच्या रांगेत दात-ओठ खात बसलो होतो. मी काही बनवत नाही, एक गोष्ट कशी होते ते फक्त बघतो, हे तू आयुष्यभर घसा कोरडा करून सांगितलंस. एकानेही ऐकलं नव्हतं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते ठीक आहे, पण ही म्हैस जिवंतपणी स्वतःच सांगत होती, बाबांनो, मी दुधाची नाही.

एवढं मी गिळलं. माणूस गेल्यावर लोक बोलतातच. मग प्राचार्यांनी तुझ्या पुण्याच्या सरांचा निरोप वाचून दाखवला. सुधाकरने पाहिलेला हायड्राइड लवकरच जगासमोर येईल, त्याच्या नावाने निबंध प्रसिद्ध होईल, हीच त्याला खरी श्रद्धांजली. लोकांनी माना डोलावल्या. तुझा मोठा भाऊ डोळे पुसत होता. तुझी मंगला, आमच्या मंगला वहिनी, समोरच्या रांगेत ताठ बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. मी उठलो, खुर्ची मागे पडली, ती तशीच ठेवून जिना उतरलो. कारण तू पाहिलेला तो हायड्राइड हायड्राइड नव्हताच, आणि हे शोधून काढणारा माणूस फेटा बांधून टेबलावर बसला होता.

तुझं काम मला समजायला फार वर्षं लागली. आपण सोनाळ्याच्या शाळेत एका बाकावर होतो, पण पुढे तू रसायनशास्त्रात गेलास आणि मी अकोल्याला जाऊन जनावरांचा डॉक्टर झालो. तू मला शिकवायला सुरुवात केलीस ती तुमच्या घरामागच्या गोबरगॅसच्या टाकीवर बसून. म्हणालास, यातून मिथेन निघतो तो सगळ्यांना दिसतो, चहा त्याच्यावरच होतो. पण त्याच्या आधी काही जिवाणू हायड्रोजन सोडतात आणि दुसरे तो तिथल्या तिथे खाऊन टाकतात, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. हा व्यवहार ज्या एन्झाइममुळे होतो त्याच्या पोटात निकेल आणि लोखंड शेजारी शेजारी बसलेले असतात. हायड्रोजन तुटतो किंवा जुळतो तेव्हा घटकाभर त्या धातूला चिकटतो. त्या चिकटलेल्या हायड्रोजनचं नाव हायड्राइड. सगळी गंमत त्या घटकाभरात आहे, आणि नेमका तोच दिसत नाही, कारण हायड्रोजनइतकं हलकं जगात काही नाही, क्ष-किरणांनाही तो धड सापडत नाही.

मी म्हणालो, मग तू बघतोस काय? तू म्हणालास, थरथर. अणू एकमेकांना धरून असतात ते स्वस्थ नसतात, थरथरतात, आणि प्रत्येक जोडीची थरथरायची गती ठरलेली असते. अवरक्त प्रकाश टाकला की ज्याच्या त्याच्या गतीचा प्रकाश जो तो गिळतो आणि आलेखावर तिथे उंचवटा येतो. मी त्या उंचवट्याला टेंगूळ म्हणालो. तुला ते इतकं आवडलं की तू वर्गातही तेच सांगायला लागलास आणि पोरं परीक्षेत तसंच लिहून आली.

पण टेंगूळ हायड्रोजनचंच आहे, कार्बनचं किंवा आणखी कशाचं नाही, हे कशावरून? इथे मी माझी अक्कल पाजळली होती, आठवतं? साधा हायड्रोजन काढून त्याच्या जागी जड हायड्रोजन बसवतात, मग थरथर संथ होते, असं तू सांगितलंस. मी म्हणालो, समजलं, झोक्यासारखं, जड माणूस बसला की झोका हळू. तू कपाळाला हात लावलास. झोक्याला वजनाचं काही नसतं बे, तू म्हणालास, ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग पाह्य. पोरगं बसलं की टणटण उडते, तुह्यासारखा बसला की संथ हालते. माझ्या पोटाकडे बघून तू हसलास ते मी विसरलेलो नाही. म्हणजे असं, की एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. टेंगूळ हायड्रोजनचं असेल तर ते आलेखावर संथ गतीच्या बाजूला सरकतं. दुसऱ्या कशाचं असेल तर जागचं हलत नाही. मला कितीही हवं असलं तरी हलत नाही, आणि तुला कितीही हवं असलं तरी हलत नाही.

आता माझ्या कॅनकडे येतो, कारण आपलं भांडण तिथे आहे.

तू जिवाणू कॉलेजात वाढवायचास, त्यांचा गोळा गोठवायचास आणि पुण्याच्या यंत्रावर न्यायचास. गोठलेला माल पुण्यापर्यंत गोठलेला राहायला हवा. शेगावात बर्फ मिळतो, तो कुल्फीपुरता. मग तुला वरवट बकालचा माझा दवाखाना आठवला. गाई भरवायच्या, म्हणजे गाभण करायच्या, वळूच्या बीजाच्या कांड्या आम्ही द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतो, त्या थंडीपुढे बर्फ म्हणजे चूल. त्याच कॅनमध्ये एका डबीला लाल दोरा बांधून तू तुझ्या नळ्या सोडल्यास. गीर वळूच्या बीजाशेजारी तुझे गोबरगॅसचे जिवाणू. पुण्याला निघताना मी तुला फेरीवर न्यायचा छोटा कॅन भरून द्यायचो. एकदा गुरुवारच्या गर्दीत टीसीने विचारलं, कॅनमध्ये काय आहे. तू म्हणालास, वळूचं बीज हाय साहेब, उघडू काय? तो तिकीटही न बघता पुढे गेला.

पुण्यात तुझं बोलणं ऐकून पोरं हसायची, हे तू मला हसत सांगितलंस. तू ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणालास की प्रयोगशाळेत खसखस पिकायची. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. त्याच प्रयोगशाळेत तुला पहिल्यांदा ते टेंगूळ दिसलं. बारीकसं होतं, पण होतं. हायड्राइड जिथे थरथरायला हवा त्याच सुमाराला. तू रात्रीच्या गाडीने परतलास आणि घरी न जाता थेट माझ्या दारात आलास, पाय धुवायच्या आधी कागद काढलास. तुझ्या सरांनी तो बघितला आणि म्हणाले, ही पाण्याची वाफ आहे. यंत्रात दमट हवा राहिली की अशा बारीक रेघा येतात. तपासायला जड हायड्रोजन हवा होता, यंत्रावर वेळ हवा होता. सर म्हणाले, वाफेवर कशाला घालवायचा?

मग तू पावसाळ्यात गेलास, हिवाळ्यात गेलास, उन्हाळ्यात गेलास. आणि सरांना म्हणालास, वाफ असती तर पावसाळ्यात जास्त दिसली असती. मला तर उन्हाळ्यातच दिसते. तरी त्यांनी ते टेंगूळ बाजूलाच ठेवलं, वर्षानुवर्षं. मी तुला सांगत होतो, सोड ते सर, छाप तुझं तू. बोंब मार. तू म्हणायचास, सरकल्याशिवाय नाई. सरकलं तं बोलीन. माझं डोकं फिरायचं. इतक्या वर्षांत कॉलेजातले तुझे सोबती कुठल्या कुठे गेले, शाली-श्रीफळं घेऊन आले, आणि तू एका टेंगळासाठी अडून बसलेला. मला ते टेंगूळ हायड्रोजनचं व्हायला हवं होतं, सुध्या. तुझ्यापेक्षा जास्त मला हवं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात तुला ते तपासायला मिळालं. सर बाहेरदेशी होते, पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी तुला यंत्र दिलं, जड हायड्रोजन दिला. ज्यांनी हसून घेतलं त्यांनीच दिला, हेही खरं आहे आणि ते मी लिहायला हवं. तू तपासलंस. दोन दिवसांनी तू रिकामा कॅन परत द्यायला दवाखान्यात आलास. मी एका वासराला सलाईन लावत होतो. तू दारात उभा राहून म्हणालास,

“सरकलं नाई बे.”

आणि हसलास. मला ते हसणं सहन झालं नाही. मी म्हणालो, हसू नको. इतकी वर्षं गेली, आणि हसून काय राह्यला? तू आत आलास, स्टुलावर बसलास आणि शांतपणे सांगायला लागलास. टेंगूळ हायड्रोजनचं नाही. बहुतेक मोडक्या एन्झाइमचं आहे. त्याच्या लोखंडाला मुळातच कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला असतो, एन्झाइम मोडलं की तो जागा सोडून भलतीकडे बसतो आणि भलतीकडे थरथरतो. आणि मोडतं कशानं, तर ऊब लागल्यानं. म्हणून पावसाळ्यात दिसत नाही. उन्हाळ्यातच दिसतं. एवढं बोलून तू माझ्या मोठ्या कॅनकडे बघितलंस.

मी भडकलो. माझा कॅन? मी स्वतः पट्टी बुडवून बघितली होती. लाकडी पट्टी कॅनमध्ये तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथवर पांढरं दव धरतं तिथवर नायट्रोजन. तुझ्या नळ्या काढल्या त्या दिवशी पट्टी गळ्यापर्यंत पांढरी होती. मी तुला ते सांगितलं. तू म्हणालास, त्या दिवशी असन. आदल्या दिवशी? मी म्हणालो, याच कॅनमधल्या कांड्यांनी मी त्याच आठवड्यात गाई भरवल्या आहेत, तुझे जिवाणू मेले तर माझ्या कांड्याही मेल्या असत्या. ज्या दिवशी त्या गाई उलटतील त्या दिवशी मी तुझं ऐकीन. गाय गाभण राहिली नाही की तीन हप्त्यांनी पुन्हा माजावर येते, त्याला आम्ही उलटली म्हणतो, हे तुलाही माहीत होतं. तू उठलास, वासराच्या पाठीवर हात फिरवलास आणि म्हणालास,

“मंग थांबू ना. तीन हप्त्यानं कळनच.”

तू थांबला नाहीस. त्याच आठवड्यात कॉलेजच्या पायरीवर छातीला हात लावून बसलास ते बसलासच. भांडण अर्धवट टाकून जायची तुझी सवय नव्हती. एवढंही करता आलं नाही तुला, तीन हप्ते? हा राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतो. तुला सवय आहे.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या सरांचा मला फोन आला. वहिनींनी त्यांना माझा नंबर दिला होता, म्हणाल्या, यातलं त्याईले समजते. सर वाईट माणूस नाहीत. गहिवरले होते. म्हणाले, आता परदेशात कुणाला तरी अशाच एन्झाइममध्ये त्याच सुमाराला हायड्राइडची थरथर सापडली आहे, सुधाकरने ती आधी पाहिली होती, मीच कमी पडलो, आता मला ते भरून काढायचं आहे. त्याचं नाव पहिलं घालू, नावापुढे दिवंगत लिहू. घरच्यांची संमती तेवढी हवी. मी म्हणालो, सर, ते टेंगूळ सरकलं नाही. ते म्हणाले, हो, तो आलेख मी पाहिला. तो नमुना बिघडलेला होता. एन्झाइम मेलेलं असेल तर ते जड हायड्रोजन घेणारच नाही, मग सरकेल कसं? ती तपासणी फुकट गेली असं समजायचं.

आणि सुध्या, याचं उत्तर तू मला दिलं होतंस आणि मी ते मानलं नव्हतं. नमुना बिघडला होता म्हणूनच तर टेंगूळ दिसलं, चांगल्या नमुन्यात ते कधीच नव्हतं! पण हे म्हणायचं तर माझा कॅन तापला होता असं म्हणावं लागणार होतं. मी फोन ठेवला. जिवंत होतास तोवर त्यांनी तुझ्या टेंगळाला वाफ म्हटलं, मेलास तर तुझ्या तपासणीला बिघडलेली म्हणाले. दोन्ही वेळा तू म्हणशील त्याच्या उलट. याला श्रद्धांजली म्हणतात.

तुझ्या घरी सगळ्यांनी वहिनींच्या मागे लकडा लावला. तुझ्या भावाचं म्हणणं, पुण्याचे एवढे मोठे सर स्वतःहून नाव छापतात, हो म्हणायला काय जातं? गावाचं नाव होईल. गेलेल्या माणसाची चूक कशाला उकरायची? हे वाक्य मी त्या दिवसांत किती तोंडांतून ऐकलं. तुझी चूक! जी तू स्वतः शोधलीस, स्वतः येऊन सांगितलीस, तिला हे लोक तुझ्या नावावर अक्षता टाकून पुन्हा बसवायला निघाले होते.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. मी नोकरीला नवा असताना एका बाईची म्हैस विताना माझ्या हातात गेली. लोकांनी मला गोठ्यातच धरून शिव्या दिल्या. तू संध्याकाळी आलास आणि धीर वगैरे काही दिला नाहीस. आधी काय केलं, मग काय केलं, गर्भाच्या पिशवीला पीळ होता तो केव्हा कळला, असं एकेक विचारत बसलास. मला वाटलं, हाही दोषच काढतो आहे. सगळं ऐकून झाल्यावर तू म्हणालास, हे तुह्या हातानं नाई झालं, आता जेव. त्या रात्री मी जेवलो. दुसऱ्या कुणी, तुझी काही चूक नाही रे, म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. तू तपासून म्हणालास म्हणून बसला.

तुझ्या तेराव्याच्या आसपास पहिली गाय उलटली. मी मनाशी म्हटलं, उन्हाळा आहे, उन्हात उलटतातच. मग दुसरी आली. मग एक म्हातारे गृहस्थ गाय घेऊन दारातच उभे राहिले, म्हणाले, डॉक्टर, तुमच्या हाताले काय झालं यंदा? त्या आठवड्यात भरवलेल्या गाई एकामागून एक परत यायला लागल्या. तरी मी ऊनच म्हणत होतो. ऊन आहे, चारा नाही, जनावर खंगलेलं आहे. मग तुझी ट्रॅक्टरची सीट आठवली. एकच गोष्ट बदलायची.

मी सोनाळ्याच्या डॉक्टरला फोन लावला. त्याच आठवड्यात त्याने भरवलेल्या गाई, त्याच वळूच्या कांड्या, तेच ऊन, तोच वाळलेला कडबा. फक्त कॅन वेगळा. तो म्हणाला, एक सोडून कुठलीच उलटली नाही. मग दवाखान्यातल्या परिचराला कॅनचं विचारलं. तो सहज म्हणाला, तुम्ही लसीकरणाले गावोगाव गेलते ना, तवा नायट्रोजनची गाडी आलीच नाई. कॅन पार तळाले गेला. मंग गाडी आली आन भरला. दर उन्हाळ्यात असंच व्हते, तुम्ही कधी पुसलं नाई. एकदा ऊब लागलेली कांडी पुन्हा गोठवली तरी वरून तशीच दिसते. मी पट्टी बुडवली तेव्हा ती गळ्यापर्यंत पांढरी होती, आणि आत सगळं मेलेलं होतं.

तसाच मोटरसायकल काढून शेगावला गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तपासणीचं, कॅनचं, गाईंचं. मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, म्हणजे ते म्हणत होते तेच खरं? मी म्हणालो, हो. तुम्हाला त्याने सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, सांगतील नाई तं काय, त्या दिवशी घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

“ते सरकलं नाई हे कळलं, आन दोन भाकरी जास्त जेवले ते. म्हणत, आता मोकळा झालो. तुम्ही लोकं मले सांगून राह्यले की त्याईचं राहून गेलं. काय राहून गेलं?”

तू दारात हसलास ते तुला फार लागलं म्हणून, लपवायला हसलास, असं मी धरून चाललो होतो. तुझ्यासाठी मनातल्या मनात मीच रडलो होतो. आणि तू खरोखरच खुशीत होतास. इतकी वर्षं शेजारी बसून मला एवढंही कळू नये? तू खऱ्याच्या मागे होतास, टेंगळाच्या नाही. टेंगळाच्या मागे मी होतो, तुझे सर होते, आता तुझं कॉलेज आहे.

आम्ही तिथूनच सरांना फोन लावला. मी गाईंचं सांगायला लागलो तर ते म्हणाले, डॉक्टर, गाईंचा इथे काय संबंध? मी संबंध सांगितला. पावसाळ्यात कॅन भरलेला असतो, एन्झाइम जिवंत असतं, तेव्हा टेंगूळ नाही. उन्हाळ्यात कॅन तळाला जातो, एन्झाइम मरतं, तेव्हा टेंगूळ. तुमचं म्हणणं बरोबर आहे सर, नमुना बिघडलेला होता. सगळेच उन्हाळी नमुने बिघडलेले होते, आणि हे तुम्हाला त्याने सांगितलं असतं, तुम्ही विचारलं असतं तर. माझा आवाज चढला होता. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. त्या सावकाश बोलल्या, पोरांना समजावतात तशा. म्हणाल्या, छापायचं असन तं एवढंच छापा सर, की ती खूण हायड्रोजनची नव्हती, आन हे त्याईनंच शोधलं. सर म्हणाले की चुकलेल्या गोष्टीचा निबंध कुणी घेत नाही, मग सुधाकरचं नाव कुठेच येणार नाही. वहिनी म्हणाल्या,

“मंग नका छापू. खोट्यावर नको त्याईचं नाव.”

फोन ठेवून त्यांनी पुन्हा सूप ओढलं. तेव्हा त्या रडल्या, तांदळावर वाकून, आवाज न करता. मी तिथेच बसून होतो आणि मलाही काही आवरलं नाही.

तर असं आहे, सुध्या. तुझं नाव कुठेच येणार नाही. तुझ्या कॉलेजात तू पाण्यावर गाडी चालवणारा माणूस म्हणूनच राहशील, फेट्यासकट. याचा मला संताप आहे आणि तो जायचा नाही. ज्याचं टेंगूळ सरकलं त्याचं नाव होतं. ज्याने आपलं टेंगूळ सरकत नाही म्हणून स्वतःहून सांगितलं, त्याला कुणी विचारत नाही. हे असंच आहे म्हणून गप्प बसायचं मला जमत नाही, म्हणून हे लिहितो आहे. कुणी वाचो न वाचो, लिहिलेलं राहू दे.

मोठा कॅन मी धुऊन वाळवला आणि नव्याने भरून घेतला. आता लसीकरणाला गेलो तरी परिचर रोज पट्टी बुडवतो आणि मला फोन करून सांगतो. उलटलेल्या गाई पुन्हा भरवल्या. लाल दोऱ्याची तुझी डबी आत तशीच सोडली आहे, रिकामी. ती काढायला हात होत नाही.

आणि त्या गाईंचं कबूल केलं होतं, ते राहिलं. गाई उलटल्या बे, सुध्या. सगळ्या उलटल्या. माझा कॅन तापला होता, तू बरोबर होतास. त्या दिवशी तू दारात उभा होतास आणि मी तुला हसू नको म्हणालो.

हास बे आता.